परावर्तन आणि अपवर्तन यांत नेमका फरक काय? दहावीच्या मुलीला कसं समजावू?

रात्रीच्या एसी लोकलमध्ये तिला खिडकीशी बसवा. काचेत स्वतःचा चेहरा दिसेल, ते परावर्तन: प्रकाश काचेवर आपटून त्याच माध्यमात, म्हणजे हवेत, परत आला. काच दिवसाही साधारण ८ टक्के प्रकाश परतवतेच, पण बाहेरच्या उजेडापुढे तो जाणवत नाही. दादरला गाडी थांबली की फलाटाच्या दिव्यांनी चेहरा पुसट होतो, तो मुद्दाम दाखवा.

अपवर्तन म्हणजे किरण दुसऱ्या माध्यमात शिरताना वाकणं, आणि मुलं अडतात ती इथेच. व्याख्या पाठ असते, पण किरण का वाकतो ते कुणी सांगितलेलं नसतं. कारण वेग. हवेत सेकंदाला जवळपास ३ लाख किमी, पाण्यात सव्वादोन लाख. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, १.३३. तिरका शिरलेला किरण मंदावताना स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागावर काढलेल्या लंब रेषेकडे, झुकतो. लंब शिरला तर वेग घटतो, दिशा तीच राहते.

घरी वाटीत एक रुपया ठेवा, तो काठाआड जाईपर्यंत तिला मान मागे घ्यायला सांगा आणि हळूच पाणी ओता. नाणं वर आलेलं दिसेल! याच कारणाने ४ फूट पाणी वरून ३ फुटांचंच वाटतं; पोहायला नेताना हे तिला आधी सांगा.