महाबळेश्वरात धो धो, वाईत भुरभुर

प्रश्न : महाबळेश्वर आमच्यापासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. तरी तिथे पाऊस कोसळतो आणि वाईत नुसती भुरभुर. असं का? – एक वाचक, वाई

उत्तर : भूगोल शिकवताना मी मुलांना जुलैतला पसरणी घाट हमखास दाखवायचो. वर पाचगणीत धुकं, खिडक्यांवर पाण्याचे ओघळ. चार वळणं उतरली की खाली हळदीच्या शेतांवर ऊन!

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बाष्प माथ्यावरच रितं करतात. पलीकडे उतरताना हवा दाबली जाऊन तापते, मग ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,500 मिमीच्या आसपास पाऊस, वाईत 1,000 मिमीसुद्धा नाही. आणखी पूर्वेला माण-खटावात गेलात तर चक्क निमशुष्क पट्टा. कोपेन या शास्त्रज्ञाने तापमान आणि पावसावरून जगाचे पाच मुख्य हवामान-गट पाडले. त्यातले दोन आपल्या सातारा जिल्ह्यातच भेटतात, याचं मला फार अप्रूप आहे.

मात्र एखाद्या ओल्या वर्षावरून वाईचं हवामान बदललं असं म्हणू नका. त्यासाठी साधारण 30 वर्षांची सरासरी बघतात.