पाटाचं पाणी, पाळी आणि काठ्या

प्रश्न : पाटाच्या पाण्यावरून आमच्याकडे दर उन्हाळ्यात वाद होतो; यंदा काठ्या निघाल्या. वरचे भिजवून घेतात, टेलवाले, म्हणजे पाटाच्या शेवटी असलेले, कोरडे राहतात. ‘एकोप्याने राहा’ एवढं सांगून भागत नाही. भांडण न करता पाणी वाटून घेणं कुणाला जमलंय का?
– एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर : जमलंय, आणि तुमच्याच मुलखात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे. नदीला बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. खरी मेख पुढे आहे : खातेदारांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असतात. पाणी कमी दिसलं की यंदा चारांपैकी दोनच फड भिजवायचे, असं पंच ठरवतात. प्रत्येक फडात अर्धा एकर असलेल्याचा एक एकर भिजतो, दोन एकर असलेल्याचे चार. टंचाई सगळ्यांवर सारख्याच प्रमाणात येते. बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, मालकाने स्वतः फोडायचं नाही; त्यासाठी पाटकरी, जागल्या अशी नेमलेली माणसं. पाटाची सफाईही ज्याच्या त्याच्या जमिनीच्या हिशेबाने.

वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, तशी ही घडी बऱ्याच ठिकाणी विस्कटली. ज्याला स्वतःची विहीर आहे, त्याला फडाची शिस्त जाचते.

तुम्हाला जमिनी नव्याने वाटता येणार नाहीत, पण शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याबाबतच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था करता येते. पाळीपत्रक, म्हणजे कुणाला कधी आणि किती वेळ पाणी याचा तक्ता, क्षेत्राच्या प्रमाणात, मिनिटांत लिहा. सेकंदाला 30 लिटर पाणी तासाला 108 घनमीटर होतं. एका एकरावर साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचं तर जवळजवळ पावणेतीन तास हवेत.

बहुतेक पाळीपत्रकं इथेच फसतात : वेळ गेट उघडल्यापासून मोजतात. कोरडा पाट भरेपर्यंत टेलवाल्याची अर्धी पाळी संपलेली असते. पाणी बाऱ्याशी पोचलं की घड्याळ सुरू करा, पाट भरण्याचा वेळ सामाईक खात्यात घाला आणि भिजवणं टेलकडून सुरू करा. पंचांत टेलचा माणूस हवाच.

प्रश्न : रात्री बारं फोडणाऱ्याला पहिल्याच वेळी पोलिसांत द्यावं का?

उत्तर : नाही. मारहाण झाली तर मात्र लगेच द्या. सामाईक साधनं लोक कशी सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकलेल्या व्यवस्थांमध्ये चढत्या क्रमाचा दंड पाहिला. पहिल्यांदा पंचांसमोर समज, दुसऱ्यांदा रोख दंड, तिसऱ्यांदा पुढच्या पाळीत कपात. हे हंगामाआधी ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. सुरुवातीलाच जबर दंड ठेवला की पंच तो लावायला कचरतात, आणि एकाला सोडलं की दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. दंडाची रक्कम पाटाच्या दुरुस्तीलाच वापरा आणि हिशेब चावडीवर लावा.