ज्युरीसाठी बॅकग्राउंड बदलायचं नाही

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग पोटात तुटलं. निवड समितीनं चित्र परत पाठवलं, कुणीतरी म्हणालं की यात तू कुठली आहेस ते दिसतच नाही, आणि तू त्या खिडकीशी बसलेल्या बाईच्या मागची करडी भिंत गेरूनं रंगवलीस आणि तिच्यावर वारलीची माणसं नाचवलीस. पुढच्या फेरीत तेच चित्र निवडलं गेलं. आता लिहितेस की त्या चित्राकडे बघवत नाही, आणि लगेच विचारतेस, मावशी, मी परत जाऊ की इथंच राहू?

परत जायचं की राहायचं हा व्हिसाचा, भाड्याचा, आईवडिलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. तो ज्या वेळचा त्या वेळी सुटेल. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न दुसराच आहे आणि त्याच्यावरून तू घाईघाईनं पुढं निघून गेलीस. ती भिंत कुणासाठी रंगवलीस? चित्र मागत होतं म्हणून, की समिती मागत होती म्हणून?

ज्युरीसाठी बॅकग्राउंड बदलायचं नाही. एवढं लिहून पत्र पाकिटात घातलं असतं तरी माझं काम झालं असतं. पण तू 'का' विचारल्याशिवाय राहायची नाहीस, म्हणून मेरी कसाट या अमेरिकन चित्रकर्तीबद्दल लिहिते. तिची आई-मुलांची चित्रं तू पाहिली आहेस, कॅलेंडरांवर छापून छापून गुळगुळीत झालेली. ती काढणारी बाई मात्र गुळगुळीत नव्हती.

१८४४ सालचा जन्म, पेनसिल्व्हेनियातल्या अलेगेनी सिटीतलं सुखवस्तू घर. फिलाडेल्फियाला अकॅडमीत शिकली आणि विशी उलटताच पॅरिसला गेली. तिथल्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेनं बायकांना १८९७ पर्यंत आत घेतलं नाही. मग जेरोम नावाच्या चित्रकाराकडे खासगी शिकवणी, आणि लुव्र संग्रहालयात परवाना काढून जुन्या चित्रांच्या नकला. १८६८ मध्ये सलाँच्या, म्हणजे ज्युरी चित्रं निवडायची त्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्र लागलं, आणि दोनच वर्षांत फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे तिला बापाच्या घरी परतावं लागलं. बाप खाण्यापिण्याचं बघायचा, रंगांना पैसे द्यायचा नाही. १८७१ च्या उन्हाळ्यात तिनं मैत्रिणीला कळवलं, स्टुडिओ सोडलाय, वडिलांचं पोर्ट्रेट फाडून टाकलंय, युरोपला परतायची चिन्हं दिसेपर्यंत ब्रश हातात धरणार नाही. त्याच वर्षी शिकागोच्या आगीत तिची काही चित्रं जळाली. शेवटी पिट्सबर्गच्या बिशपनं कोरेज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करायचं काम दिलं, त्या पैशावर ती इटलीत पार्माला गेली, तिथून स्पेनला, आणि १८७४ पासून पॅरिस धरलं ते कायमचं.

म्हणजे जाऊ की राहू हे तिनंही सोसलं, तुझ्यापेक्षा जास्त सोसलं. त्यानं ती मोडली नाही. वाकली ती सलाँच्या दारात.

१८७५ मध्ये सलाँनं तिचं एक चित्र नाकारलं. तिला शंका आली की बॅकग्राउंड फार उजळ झालंय. तिनं ते गडद केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं. घेतलं! बापापुढे मान न तुकवलेली, समुद्र ओलांडून आलेली तिशीतली बाई, आणि तिनं न पाहिलेल्या ज्युरीसाठी आपल्याच चित्रावर काळोख फासला. तुझ्या गेरूत आणि तिच्या काळोखात मला तरी फरक दिसत नाही. आणि मिळालं काय? १८७७ मध्ये त्याच सलाँनं तिची दोन्ही चित्रं परत पाठवली. समितीचं एकदा ऐकलं म्हणून समिती तुझी होत नसते, बाई. पुढच्या वर्षी खुर्चीत दुसरी माणसं बसतात, त्यांना दुसरंच काही हवं असतं, आणि आपल्या स्टुडिओत उरतं ते त्या आधीच्या माणसांच्या आवडीचं चित्र.

त्याच १८७७ मध्ये चित्रकार एद्गार देगा तिच्या स्टुडिओत आला आणि म्हणाला, आमच्याबरोबर प्रदर्शन कर. सलाँबाहेर स्वतःची प्रदर्शनं भरवणारे हे चित्रकार, लोक ज्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणायचे ती ही मंडळी. सलाँला चित्र पाठवायचं नाही, ही यांची अट. याआधी ती एका दुकानाच्या काचेला नाक चिकटवून देगाची पेस्टल, म्हणजे रंगखडूंची चित्रं बघत उभी राहायची. तिनं आनंदानं होकार दिला. पुढं म्हातारपणी तिनं चरित्रकाराला सांगितलं की ज्युरी काय म्हणेल याची पर्वा न करता आता काम करता येईल, याचाच तो आनंद होता. दोन वर्षांनी, १८७९ च्या प्रदर्शनातून जे पैसे वाट्याला आले त्यातून तिनं देगाचं एक आणि त्याच गटातल्या मोनेचं एक अशी चित्रं विकत घेतली. कमाई अशी खर्च करणाऱ्या माणसाबद्दल मला वेगळं प्रेम वाटतं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. निळ्या खुर्चीतल्या मुलीचं तिचं चित्र काढून समोर ठेव, १८७८ चं. मोठ्या निळ्या खुर्चीत पोरगी ऐसपैस पसरली आहे, एक हात डोक्यामागं, पाय फाकलेले, कमरेला चौकड्यांचा पट्टा आणि पायात तसेच मोजे. पाहुण्यांसमोर 'नीट बस' म्हणून दटावल्यावर मुलं कंटाळून जशी सांडतात तशी. शेजारच्या खुर्चीत छोटं कुत्रं झोपलंय. खुर्च्यांचा निळा सगळ्या खोलीत भरून राहिलाय. आता मागं बघ, खोलीचा कोपरा तिरपा आत जातो आणि त्याच्यामुळे ती जड खुर्च्यांची गर्दी हलती राहते. त्या बॅकग्राउंडवर देगानं काम केलंय. कसाटनंच नंतर पत्रात लिहून ठेवलंय की पोरगी त्याला आवडली, बॅकग्राउंडबद्दल त्यानं सल्ला दिला आणि स्वतः हातही फिरवला. चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथं ते अवरक्त किरणांखाली तपासलं तेव्हा वरच्या रंगाखाली मागच्या बाजूचे बदल सापडले.

मग तू म्हणशील, मावशी, हेही बॅकग्राउंड बदलणंच झालं की. झालं. पण देगा चित्राकडे बघून बोलत होता. ती मुलगी, ती खुर्ची, ती खोली यांचं आपसात जमत नव्हतं, त्यावर बोलत होता. चित्र निवडणं किंवा नाकारणं त्याच्या हातात नव्हतं. तुला 'तू कुठली ते दिसत नाही' म्हणणाऱ्या माणसानं त्या बाईच्या मानेवरचा उजेड पाहिला होता का? करड्या भिंतीमुळेच तो उजेड थंड दिसत होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं का? नसेल, तर त्याचा सल्ला चित्राबद्दलचा नव्हता.

तेच चित्र त्या साली पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनाच्या अमेरिकन विभागानं नाकारलं. कसाट चिडली, एक तर देगाला ते आवडलं होतं, आणि वर ज्युरीत तीन माणसं, त्यातला एक औषधविक्या! मी तिच्या जागी असते तर मीही चिडले असते. पण या वेळी ती ज्युरीसाठी पुन्हा ब्रश घेऊन बसल्याचं मी कुठं वाचलं नाही.

मला देगासारखं बघणारं माणूस फार उशिरा भेटलं आणि लवकर गेलं. त्याची हळहळ अजून आहे. तोवर मी एकटीनंच बघत राहिले. तुझ्या आजूबाजूला बघणारी दोन माणसं असतील तर त्यांना धरून ठेव, त्यांच्यासाठी रात्रीची शेवटची गाडी चुकली तरी चालेल. समितीसाठी मात्र अर्ध्या तासाची झोपही मोडू नकोस.

परकेपणाबद्दल तू पानभर लिहिलंस. इथले लोक बाहेरची समजतात, तिकडचे विसरले, वगैरे. अगं, हे ठरलेलंच आहे. १८९१ मध्ये फ्रेंच मुद्रणचित्रकारांच्या संस्थेनं प्रदर्शनाला फ्रान्समध्ये जन्मलेलेच लोक घ्यायचे ठरवलं. इतकी वर्षं पॅरिसमध्ये काढूनही कसाट बाहेर, आणि कॅरिबियनमधल्या बेटावर जन्मलेला चित्रकार पिसारोही बाहेर. दोघांनी चित्रविक्रेत्या द्युराँ-रुएलच्या गॅलरीत त्या संस्थेच्या प्रदर्शनाशेजारचीच खोली घेतली आणि तिथं चित्रं लावली. आणि मायदेशात? १८९८ च्या सुमारास ती फिलाडेल्फियाला गेली तेव्हा वर्तमानपत्रानं तिची ओळख दिली ती रेल्वेतल्या बड्या अधिकाऱ्याची बहीण म्हणून, वर तिच्या कुत्र्याचं कौतुक. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. दोन्हीकडून परकी, आणि तरी काम चालू.

त्या शेजारच्या खोलीत काय लावलं होतं ते तू मुद्दाम शोधून बघ. कसाटचे दहा रंगीत छाप, म्हणजे पत्र्यावरून कागदावर उमटवलेली चित्रं. ज्या एकोल दे बोझारनं बायकांना दार बंद ठेवलं होतं तिथंच १८९० मध्ये जपानी छापांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ते बघून ती झपाटली. ड्रायपॉइंट म्हणजे सुईनं पत्र्यावर ओरखडलेली रेषा, अॅक्वाटिंट म्हणजे आम्लानं पत्र्यावर आणलेल्या सपाट छटा, तांब्याच्या पत्र्यावर हातानं रंग चोळायचा, एका छापासाठी एकाहून अधिक पत्रे जुळवायचे. ती आणि छपाई करणारा दिवसभर राबले तर आठ-दहा छाप निघायचे. त्यातला 'पत्र' नावाचा छाप मी अनेकदा जवळून पाहिलाय. बाई मेजाशी बसून पाकिटाची कड ओठांना लावतेय. झग्यावर नक्षी, मागच्या भिंतीच्या कागदावर नक्षी, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जपान त्यात मुरलंय, रंग सपाट आहेत, मेज वरून बघितल्यासारखं आहे. पण किमोनो नाही, पंखा नाही, जपानी भिंत नाही. जे शिकली ते रेषेत उतरलं, भिंतीवर टांगलं नाही.

वारली तुझी असेल तर ती तुझ्या रेषेत येईल. नसेल तर ती दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेली आहे, आणि ज्यांची आहे त्यांच्यावरही तो अन्यायच आहे. यावर मला वाद घालायचा नाही.

पैशाचं तू विचारलंस. कसाटचं घर खात्यापित्यांचं होतं हे खरं, तरी बाप म्हणायचा की स्टुडिओचा खर्च चित्रांच्या विक्रीतूनच निघाला पाहिजे. माझ्यामागं तर तसं घरही नव्हतं. मी संध्याकाळी मुलांना चित्रकला शिकवली, दुसऱ्यांच्या चित्रांना फ्रेमी केल्या. मी फार चित्रं विकली नाहीत आणि कुणी मला ओळखतही नाही, पण स्टुडिओत जे आहे त्यातली प्रत्येक भिंत माझी आहे. एका गॅलरीवाल्यानं माझी हिवाळ्यातल्या खिडक्यांची चित्रं बघून विचारलं होतं, यात तुमचा देश कुठाय? मी चित्रं गुंडाळून घरी घेऊन आले. आईला माझं एकही प्रदर्शन बघता आलं नाही, कारण तिच्या हयातीत ते झालंच नाही. लोक म्हणतात, थोडं ऐकलं असतंस तर झालं असतं. झालंही असतं. पण तिला मी काय दाखवलं असतं, त्या गॅलरीवाल्याचा देश? ती शहाणी बाई होती, तिनं ओळखलं असतं. मी केलं ते बरोबर केलं, आणि हे लिहिताना हात थरथरतोय तो वयामुळे.

पगारासाठी हवं ते काम कर. दुकानात उभी राहा, भाषांतरं कर, भिंती रंगव, खऱ्या भिंती. चित्रातली मात्र नको.

बक्षिसांबद्दलही तिचा हट्ट असाच होता. १९०४ मध्ये जिथं ती शिकली त्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमीनं तिला लिपिनकॉट पारितोषिक दिलं. तिनं परत केलं, कारण ज्या गटाबरोबर तिनं प्रदर्शनं केली त्याचं तत्त्वच होतं की ज्युरी नको, पदकं नकोत, बक्षिसं नकोत. त्याच साली फ्रान्सनं दिलेला लेजन ऑफ ऑनर मात्र घेतला. तू हे बरोबर शोधून काढशील आणि मला टोमणा मारशील, म्हणून आधीच सांगते. तो सन्मान एका चित्राला दुसऱ्यापेक्षा वर बसवत नव्हता, आणि तिचं आयुष्य त्या देशात गेलं होतं. मला ते पटतं. तुला नाही पटलं तर नको पटू दे.

आता कामाचं. निवडलं गेलेलं चित्र मागं घे असं म्हणायला जीभ वळवळतेय, पण कसाटनंही ते गडद केलेलं चित्र मागं घेतलं नव्हतं. लागू दे. उद्घाटनाला जा, नीट कपडे घाल. त्याआधी मात्र तेवढ्याच मापाचा दुसरा कॅनव्हास ताण आणि ती बाई पुन्हा बसव, तीच खिडकी, सकाळचाच उजेड. करडा रंग ट्यूबमधला घेऊ नकोस, निळा आणि जळकी सिएना मिसळून बनव, म्हणजे मानेजवळ तो गार होईल आणि जमिनीकडे थोडा उबदार. आणि डोळे जप. मोतीबिंदूनं कसाटचे डोळे गेले आणि १९१५ च्या सुमारास तिला ब्रश ठेवावा लागला, त्यानंतर ती दहा-अकरा वर्षं जगली. माझेही डोळे आता रात्री साथ देत नाहीत, म्हणून फोटो पाठवशील तो दिवसाच्या उजेडात काढलेला पाठव, आणि भिंतीचा वेगळा, जवळून.

व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज या आठवड्यात भर. जायचं की राहायचं ते चित्र झाल्यावर बोलू.

तुझी,
मावशी