मुलगी नेव्हीत जाते म्हणते: आधी दार कोणतं ते ठरवा

पत्र वास्कोहून एका आईचं आहे. मुलगी बारावी सायन्सला. दाबोळीच्या नौदल तळावरची विमानं बघतच मोठी झाली, आता नेव्हीत जायचं म्हणते आणि अग्निवीरचा फॉर्म भरायला बसली आहे. बाबांचं म्हणणं, ‘बोटीवर शंभर पुरुषांत चार मुली, तिला कोण विचारणार?’ आईचा प्रश्न सरळ आहे: तिथे मुलींना नीट वागवतात का?

ताई, नमस्कार.

नौदलात मुलीला कसं वागवतात ते बरंचसं ती कुठल्या दारानं, म्हणजे भरतीच्या कुठल्या मार्गानं, आत गेली त्यावर ठरतं. म्हणून फॉर्म जरा बाजूला ठेवा.

वैद्यकीय शाखा सोडली तर नौदलानं मुलींना अधिकारी म्हणून पहिल्यांदा घेतलं ते 1992 साली. लॉजिस्टिक्स, कायदा, शिक्षण एवढ्याच शाखा, आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, शॉर्ट सर्व्हिसचं, फार तर 14 वर्षांचं. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला 20 वर्षं लागतात. म्हणजे ऐन उमेदीत घरी, आणि हातात पेन्शन नाही. अन्याय होता तो नियमातच. त्यासाठी कुणी वाईट वागायची गरजच नव्हती. ॲनी नागराजा आणि इतर अधिकारी कोर्टात गेल्या आणि 17 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा, मार्ग मोकळा केला. रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघरं नाहीत, असाही एक मुद्दा सरकारच्या बाजूनं मांडला होता. न्यायालयानं तो उडवून लावला.

तरी न्हाणीघराचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जहाजावर झोपायची जागा आणि संडास-बाथरूम वेगळी असेल तरच मुलींची नेमणूक होते. समुद्रावरच्या जागा त्यामुळे मर्यादित राहतात, आणि बढतीच्या वेळी समुद्रावर किती काळ काढला हे बघतात. बाबांना खरी काळजी करायची असेल तर ती याची करावी. रोजच्या जगण्यात गोड पाणी मोजून वापरायचं, चार-चार तासांचे वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, मध्यरात्रीचीसुद्धा. सॅनिटरी पॅड जहाजाच्या संडासात टाकायचं नाही, अरुंद पाइप तुंबतो आणि तो उघडणाराही त्याच जहाजावर राहत असतो. बंद पिशव्या आणि पुरेसा साठा बंदरातूनच न्यायचा.

लोक लगेच ‘तारिणी’चं नाव घेतात. आपल्या गोव्यातल्या दिवाडीच्या गोदीत बांधलेली ती शिडाची होडी सहा अधिकारी महिलांनी 2017-18 मध्ये 254 दिवसांत पृथ्वीभोवती फिरवून आणली. कौतुक आहेच, पण होडीवर सगळ्या बायकाच होत्या, तेव्हा बाबांच्या शंकेला ते उत्तर नव्हे. त्यांना 2023 चं उदाहरण सांगा: प्रेरणा देवस्थळी या ‘आयएनएस त्रिंकट’ युद्धनौकेच्या कमांडिंग ऑफिसर झाल्या. तिथे हुकूम त्यांचा.

कुणी त्रास दिलाच तर? 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा सरकारी सेवेलाही लागू आहे. अंतर्गत समितीची अध्यक्ष महिलाच असते आणि एक सदस्य बाहेरचा. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी 3 महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. ‘पोस्टिंग संपू दे, मग बघू’ म्हणताना मुदत निघून जाते. तारीख, वेळ, कुठला वॉच, जवळ कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय तिला आत्तापासून लावा.

आता दारं. अग्निवीर म्हणजे नौसैनिक, अधिकारी नव्हे, आणि तेही 4 वर्षं. त्या काळात लग्न करता येत नाही आणि पुढे ठेवून घेतात ते जास्तीत जास्त 25 टक्क्यांना. ही नोकरी हलकी मुळीच नाही, पण फिजिक्स-मॅथ्स घेतलेल्या मुलीनं पहिला फॉर्म हाच का भरावा? अधिकारी होण्याचं पहिलं दार एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी): परीक्षा वर्षातून दोनदा असते, पणजीत केंद्र आहे, मुलींना फी नाही. गणित 300 आणि जनरल ॲबिलिटी 600 गुण. दुसरं दार 10+2 बी.टेक.चं: केरळात एझिमला इथल्या नौदल अकादमीत शिक्षण आणि कायम कमिशन. त्याला वेगळी लेखी परीक्षा नाही, जेईई मेनच्या रँकवरून एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, बोलावतात. जेईईला बसलीच नाही तर हे दार बंद, आणि दरवर्षी मुली नेमक्या इथेच चुकतात. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सला मिळून 70 टक्के आणि इंग्रजीत 50 हवेत. वय एनडीएला साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, बी.टेक.ला 17 ते साडेएकोणीस, म्हणजे मोजक्याच संधी. हुकल्या तर पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस आहे.

अग्निवीर तिला तिसरा पर्याय म्हणून ठेवायचा असेल तर 1.6 किलोमीटर 8 मिनिटांत, म्हणजे 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, प्रत्येकी 2 मिनिटं. बायणा किनाऱ्याच्या वाळूत धावून दम वाढेल, पण वेळ मैदानावरच मोजा. शिवाय 15 उठाबशा, 10 पुशअप, 10 सिटअप.

मेडिकलला जाण्याआधी कानातला मळ आणि दातांवरचं किटण डॉक्टरकडून काढून घ्या. आणि किनाऱ्यावरच्या टॅटूवाल्यांपासून तिला लांब ठेवा: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची पाठ सोडून कुठेही कायमचा टॅटू असला तर अनफिट.