पहिल्या महिन्यात एवढंच करा

दिवसभराचं बैठं काम सांभाळून चालायला सुरुवात करताय, फार चांगलं केलंत. फक्त दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ (म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मापक’) या पाऊलमापकाच्या नावातून रुजला, कुठल्या वैद्यकीय नियमातून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल. म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

सुरुवातीला एवढं पुरे:

- जेवणानंतर १० मिनिटं चाला. आपली शतपावलीच! स्नायू हलले की रक्तातली साखर कमी चढते.
- अर्ध्या-पाऊण तासाने खुर्ची सोडा. फोन उभ्यानेच घ्या.
- उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. झोप किमान ७ तास.

नवखे लोक हमखास चुकतात ते झोपेत. पहाटे पाचला फिरायला जायचं म्हणून मी महिनाभर साडेपाच तास झोपलो. दुपारी डोळे मिटायचे, संध्याकाळी गोडावर हात जायचा. संध्याकाळी चालायला लागलो आणि सगळं सुरळीत झालं. दुसरी चूक, पहिल्याच आठवड्यात तासभर चालणं. टाचा दुखतात आणि सगळंच सुटतं.

सकाळी चाललात म्हणून पुढे आठ तास बसायची मोकळीक मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

स्मार्टवॉच, हृदयाचे ठोके, वजनं उचलणं नंतर बघू. छातीत दुखत असेल किंवा चालताना दम लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.