ऑसिलेटर गप्प का बसतो?

प्रश्न : काका, मी जुळे सोलापुरात राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरीच सिंथेसायझर बनवतोय. ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट) अगदी साधा : १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, १०० के (के म्हणजे हजार ओहम) चा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २२२२ ट्रान्झिस्टर उलटा, म्हणजे एमिटर वर प्लसच्या बाजूला, कलेक्टर एलईडीतून ग्राउंडला, बेस मोकळा. पहिला लगेच वाजला. दुसरा २२२२ नवी पेठेतून आणला, तो गप्प. वाजतो त्याचाही पॉट एका टोकाला नेला की आवाज बंद. आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडला की खालचे सूर जातात, वरचे तेवढे राहतात. ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असेल का?

उत्तर : दुकानदाराशी भांडायला लगेच जाऊ नकोस. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव आणि गप्प बसलेल्या ऑसिलेटरच्या कपॅसिटरला लाव. पॉटमधून कपॅसिटर भरत जातो; पूर्ण १२ दिसले तर ट्रान्झिस्टर एकदाही सुटलेला नाही, म्हणजे त्यातून करंट वाहून कपॅसिटर रिकामा झालेलाच नाही.

उलट्या ट्रान्झिस्टरचं एमिटर-बेस जंक्शन साधारण ७ ते ९ व्होल्टला ब्रेकडाउन होतं, म्हणजे उलट्या दिशेने एकदम वाहू लागतं. एकदा वाहायला लागला की तो कपॅसिटर व्होल्टभर रिकामा करतो आणि पुन्हा बंद होतो. शिवाय तुझा एलईडी लाल असेल तर तो सुमारे २ व्होल्ट खातो. म्हणजे ९ ते ११ व्होल्ट लागणार. १२ मध्ये हाताशी फार थोडं उरतं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तर हे सर्किट करूच नये. दुसरा ट्रान्झिस्टर जास्त व्होल्टेज मागणारा असेल तर एलईडी काढून कलेक्टर सरळ ग्राउंडला जोडून बघ, कदाचित तेवढ्यानेच वाजेल. कंपनी ट्रान्झिस्टर या कामासाठी बनवतच नाही, त्यामुळे एकाच पाकिटातले दोन नग वेगळे वागले तर तक्रार कुणाकडे करणार?

पण माझा खरा संशय पायांवर आहे. प्लास्टिकच्या २२२२ मध्ये पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए असे दोन प्रकार मिळतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर, दुसऱ्याचे कलेक्टर-बेस-एमिटर. पहिल्याकडे बघून दुसरा तसाच बसवलास तर तो सरळ लागला. आणि सरळ लागलेला २२२२ बेस मोकळा असताना ४० व्होल्टपर्यंत दाबून धरतो, तुझ्या १२ ला तो कशाला दाद देईल? मीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे तो करंट किती पट वाढवतो ते मोजायच्या) खोबणीत घालून बघ की. बरोबर पायांवर शंभरच्या वर आकडा येतो, उलट्यावर अगदी किरकोळ. छापलेल्या नंबरापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेव.

पॉटचं टोक म्हणजे शून्य ओहम. तिथे करंट इतका येतो की ट्रान्झिस्टर सुटल्यावर बंदच होत नाही. एलईडी एकसारखा पेटून राहिला असेल, आणि फार वेळ तसा ठेवलास तर तोही जाईल. पॉटच्या सिरीजला २.२ के टाक. तरी अडकला तर ४.७ के. वरचे थोडे सूर जातील, जाऊ देत.

अ‍ॅम्प्लिफायरची भानगड मला सगळ्यात आवडली, कारण तिचं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. इनपुट १० के चा असेल आणि मध्ये कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाची लाट पुढे सोडणारा) नसेल, तर तो १० के सरळ तुझ्या कपॅसिटरवर बसला. पॉट ३० के वर, म्हणजे खालच्या सुरांवर, असताना १२ व्होल्टचे वाटे पडून कपॅसिटरला फार तर ३ व्होल्ट मिळणार. मग तो सुटेल कसा? पॉट २ के वर आणलास की १० व्होल्ट मिळतात, म्हणून वरचे सूर जगतात. नुसता ०.१ मायक्रोफॅरड घातलास तरी डीसी अडेल, पण लाट बिघडते. टीएल०७२ या आयसीचा बफर (कपॅसिटरवर भार न टाकता लाट पुढे देणारा टप्पा) लाव, त्याच्या आउटपुटला कपलिंग कपॅसिटर. दहा-वीस रुपयांसाठी इथे काटकसर करू नये.

सूर मात्र पक्का राहील अशी आशा धरू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत तो हमखास उतरतो : तुझा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक जातीचा असेल तर त्याचे मायक्रोफॅरड उष्णतेने वाढतात. प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर घेतलास तर बराच फरक पडेल.

आणि उलटे वापरलेले ट्रान्झिस्टर वेगळ्या डबीत ठेव. ब्रेकडाउनमध्ये चालवून त्यांचा गेन कमी होतो. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरला ते पुन्हा लावायचे नाहीत.