वाचकांचे प्रश्न : बाईंची स्मरणिका

प्रश्न : आमच्या आईनं जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावात बचत गट उभे केले. पहिल्या स्मृतिदिनाला चार महिने आहेत. छोटी स्मरणिका काढायची म्हणून लेख मागवले, तर सगळ्यांचं एकच : 'प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय'. आता काय करावं? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : लेख मागवलेत, तिथंच गडबड झाली. 'बाईंविषयी दोन शब्द लिहा' म्हटलं की माणूस शोकसभेतलं भाषण लिहितो. त्यापेक्षा पाच-सहा प्रश्न पाठवा. बाई शाळेत कशानं यायच्या? सकाळी फळ्यावर पहिलं काय लिहायच्या? छडी वापरायच्या का? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसायच्या? कुणाची मुलगी शाळेतून काढली होती आणि त्यांनी ती परत कशी आणली? लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांशी फोनवर बोला, त्यांना सांगून रेकॉर्डिंग करा आणि बोली आहे तशी ठेवा. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला दोन-तीन तास जातात, तेवढा वेळ धरा.

वय झालेल्यांना साल विचारू नका, कारण ते अंदाजे सांगतात आणि तेच छापलं जातं. 'कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?' असं विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ चा. तसंच ७२ चा दुष्काळ, १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप (शिक्षकांच्या घरी तो कुणी विसरत नाही), किल्लारीचा भूकंप. या खुंट्यांना बाकीच्या आठवणी टांगता येतात.

मग कागद काढा. सर्वांत मोलाचं सेवापुस्तक. घरी प्रत नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात वारस म्हणून अर्ज करा. त्यात नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजा असं सगळं तारखेनिशी असतं. प्रसूती रजेची नोंद आवर्जून पाहा. रजा संपून रुजू झाल्याची तारीख तिथंच सापडते. तान्हं मूल घरी किंवा पाळण्यासकट शाळेत ठेवून बाई फळ्यासमोर कधी उभ्या राहिल्या, ते मुलांच्या जन्मतारखांशी ताडून कळतं. 'मातृहृदयी' या विशेषणानं ते कधी सांगता येणार नाही.

एक सापळा : जन्मतारीख १ जून असेल तर जपून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली ती तारीख असण्याचा संभव मोठा. दप्तरी तारीख म्हणून ती द्या. घरातली आठवण वेगळी असेल तर तीही शेजारी द्या.

बचत गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर मिळालं तर आईच्या अक्षरातलं एक पान पूर्ण आकारात छापा. कुणाची किती वर्गणी, कुणाला कशासाठी कर्ज, हे मात्र झाका. ती माणसं गावातच राहतात. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रं टिकली, म्हणून दुष्काळात जुन्नर भागात चाललेलं काम त्यांच्याच शब्दांत आज वाचता येतं. तेव्हा कागद रद्दीत जाऊ देऊ नका.

फोटोंचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले फोटो घेऊ नका. ते आकसतात आणि छपाईत फुटतात. पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, म्हणून पासपोर्ट आकाराचा फोटो दुप्पट मोठा करायचा असेल तर ६०० वर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच. शाळेच्या ग्रुप फोटोत नावं डावीकडून, रांगेवार लिहा आणि हे आत्ताच करा, कारण दुसऱ्या रांगेतल्या बाईंना ओळखणारं माणूस आता एखादंच असतं.

आकार डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंच) पुरे. मजकूर १४ पॉइंटात ठेवा, वाचणारे बहुतेक साठीपुढचे. आत ७० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅममध्ये) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, फोटोंना १३० चा आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० चं आर्ट कार्ड. मधे पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत हवीत. ६४ च्या वर गेलात की अंक फुगतो आणि कडेची पानं बाहेर डोकावतात. डीटीपीवाला जुन्या फॉन्टवर काम करत असेल, तर यूनिकोडमधून (मोबाइलवर टाइप करतो ती पद्धत) मजकूर नेताना रफार सरकतात आणि 'ऱ्या' तुटतो. म्हणून प्रूफ संगणकावर नको, कागदावर घ्या. एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफ पाहायचं. नावं, गावं आणि तारखा यांची वेगळी फेरी. मजकूर गोळा करायला दोन महिने, मांडणी आणि प्रुफं एक महिना, शेवटचा महिना छापखान्याला.

प्रश्न : आईच्या नावे तिच्या शाळेत दरवर्षी ५,००० रुपयांचं बक्षीस ठेवायचं आहे. किती ठेव लागेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : व्याज ७ टक्के धरलं तर सुमारे ७२,००० रुपये. पण ठरावात '५,०००' हा आकडा घालू नका. दर उतरला की बक्षीस अडतं आणि मुख्याध्यापक पदरचे घालत नाहीत. 'वर्षाच्या व्याजात बसेल तेवढं' असं लिहा. ठेव संस्थेच्या नावे, सह्या पदनामानं. व्यक्तीच्या नावे सही असली की बदलीबरोबर खातं झोपतं. निकषही सैल ठेवा. 'सातवीत मराठीत पहिली येणारी शेतमजुराची मुलगी' असं लिहिलंत, तर एखाद्या वर्षी घ्यायला कुणीच नसतं.

प्रश्न : आई आषाढी एकादशीला गेली. स्मरणिकेवर तारीख टाकावी की तिथी? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : दोन्ही टाका. २०२५ मध्ये ही एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला येते. नुसती तिथी छापली तर वीस वर्षांनी नातवंडांना पंचांग शोधावं लागेल. घरचा विधी तिथीनं करा. गावाचा कार्यक्रम तारखेनं ठेवलात तरी चालेल, कारण एकादशीला निम्मं गाव वारीत असतं.